कर्तरी, कर्मणी आणि बादलीतला प्रयोग

भाषाबाईंनी आजवर फुशारक्या पुष्कळ मारल्या. पण त्यांतली एक नको त्या वेळी हेडमास्तरांच्या कानावर पडली आणि बाई पाण्यात पडल्या. खऱ्या पाण्यात नव्हे, भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या. भिजायच्या त्या भिजल्याच.

बाई सकाळच्या शाळेत मराठी शिकवत. सकाळची शाळा म्हणजे ज्यांचं शिक्षण मध्येच कुठेतरी सुटलं आणि पोटामागे धावणं सुरू झालं, अशा मोठ्या माणसांची दहावी. कामावर जाण्याआधी यायचं, डुलक्या आवरत बसायचं आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायचं. जागा सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. खाली चाकं ठोकली जात, वर विभक्तीचे प्रत्यय.

चुकीचं मराठी दिसलं की बाईंना दाढेत काहीतरी अडकल्यासारखं होई. ते निघेपर्यंत चैन पडत नसे. हेडमास्तरांनी लावलेल्या 'सुचना' त्यांनी लाल खडूने 'सूचना' केल्या होत्या. एका घरून आलेल्या दुःखाच्या बातमीच्या कार्डावरही त्यांचं पेन उघडलं होतं, नवऱ्याने हात धरला म्हणून अब्रू वाचली. खालच्या सायकलवाल्याच्या पाटीवर लिहिलं होतं, 'हवा भरून मिळेल'. त्यावरून तर रोजची जुंपायची.

"मिळेल म्हणजे? देणार कोण? तुमच्या वाक्यातून माणूस पळालाय," बाई म्हणायच्या.

"कुठं पळालाय, बाई? पंप हातात घेऊन इथंच बसलाय," सायकलवाला म्हणायचा.

अशा या बाई. मन मात्र लोण्याचं. वर्गातल्या इस्त्रीवाल्याचं 'न' आणि 'ण' सुधारण्यासाठी त्या त्याच्या टपरीवर उभ्या राहून गिऱ्हाइकांसमोर शब्द म्हणवून घेत. त्याचं गिऱ्हाईक वाढलं ते इस्त्रीमुळे की त्या तमाशामुळे, यावर अजून दोन मतं आहेत.

तर झालं असं. विज्ञानाचे सर भर वर्षात मोठ्या शाळेतली नोकरी धरून गेले. जाताना एक खोकं मागे ठेवलं: हुकाचा ताणकाटा, लाकडी ठोकळा आणि कानाला तडा गेलेलं मोजपात्र. वरच्या कचेरीतून निरोप आला, की पुढच्या आठवड्यात साहेब येतील आणि विज्ञानाच्या तासाला बसतील. तास नीट चालला तर शाळा राहील, नवा शिक्षकही बघता येईल. नाहीतर हा वर्ग दुपारच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकू. मिसळून टाकू म्हणायला काय जातं? दिवसभर इस्त्री फिरवणाऱ्याला किंवा लिफ्टमध्ये बसून लोकांना वर-खाली नेणारीला दुपारची शाळा म्हणजे शाळाच नाही. त्यांची दहावी पुन्हा सुटणार, आणि या वयात सुटलेली परत हाताला लागत नाही.

शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तरांनी विचारलं, "कोण घेतं हा तास?" भूगोलाच्या सरांना एकाएकी खोकला झाला. गणिताच्या बाईंना पर्समध्ये काहीतरी सापडेना. भाषाबाई निबंध तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एवढं काय त्यात? मराठीतच तर लिहिलंय."

हेडमास्तर गरीब माणूस, पण बुडत्याच्या चपळाईने त्यांनी ते वाक्य पकडलं. "वा, बाई. मग तुम्हीच घ्या. तरंगण्या-बुडण्याचा धडा आहे."

बाईंच्या लाल पेनाने निबंधावर एक लांब रेघ ओढली. निबंधात तिथे काही चूक नव्हती.

पहिल्या तासाला बाई गेल्या त्या भारी साडी नेसून. पुस्तक उघडलं आणि पहिली दहा मिनिटं धड्याची भाषा दुरुस्त करण्यात घालवली. तिथवर ठीक चाललं होतं. मग गणित आलं: सहाशे ग्रॅमचा, हजार घन सेंटिमीटर आकारमानाचा लाकडी ठोकळा पाण्यावर तरंगतो, तर तो किती पाणी बाजूला सारतो?

"ठोकळा हजाराचा," बाई म्हणाल्या, "तेव्हा पाणीही हजार घन सेंटिमीटर. सोपं आहे."

इस्त्रीवाल्याने पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. "बाई, मागं सहाशे दिलंय."

"छपाईची चूक असणार. आजकाल मुद्रितं कोण तपासतं? पुढचं बघा. तोच ठोकळा पाण्याखाली पूर्ण बुडवून धरला, तर किती पाणी सारेल? इथे असेल सहाशे. उलटसुलट छापलंय."

"इथं हजार दिलंय."

रात्रपाळी करून आलेला वॉचमनसुद्धा जागा झाला. लिफ्टवाली म्हणाली, "म्हणजे ठोकळा कधी सहाशे सारतो, कधी हजार. लहर लागेल तसं. आमच्या लिफ्टचं असंच आहे."

बाईंनी एकदा सहाशेला हजाराने भागलं, एकदा हजाराला सहाशेने. एकदा दोन्हींची बेरीज केली, ती का केली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. फळ्यावर गटांगळ्या खाणं चालू होतं आणि वर्ग काठावरून मायेने बघत होता.

शेवटी इस्त्रीवालाच म्हणाला, "असू दे, बाई. तुम्ही नका त्रास करून घेऊ. आम्ही उत्तरं पाठ करून टाकू."

कुणी हसलं असतं तर बाईंनी झेललं असतं. पण पाठ? समजून घ्या, पाठ करू नका, एवढंच तर त्यांनी जन्मभर सांगितलं होतं. त्या दिवशी जिना उतरताना 'हवा भरून मिळेल' त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. सायकलवाल्याने हातातलं चाक खाली ठेवून विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?"

आता घरी कोण होतं, ते सांगायला हवं. घरी नवरा होता, पण त्याला मोजायचं कारण नाही. खरी वस्ती सासूबाईंची.

सासूबाई सुनेला पाण्यात पाहतात, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. आणि सूनही काही कोरड्या जमिनीवरून त्यांच्याकडे पाहत नव्हती. भांडण म्हणाल तर नाही. आदळआपट नाही, टोमणे नाहीत. फक्त सासूबाई सुनेशी बोलताना वाक्यातून माणसं काढून टाकत. "दुधाकडे बघावं." "आता उठावं." "जरा हळू बोलावं." कुणी बघावं, कुणी उठावं, कुणी सांगितलं, काही पत्ता नाही. तू नाही, तुम्ही नाही, आणि मी तर नाहीच नाही. बाई याला मनातल्या मनात 'सासूबाईंचा भावे प्रयोग' म्हणत. ज्या वाक्यात क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, ना कर्त्याचं ना कर्माचं, ते भावे. सासूबाईंना चपखल बसायचं.

याचं मूळ लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातलं. बाहेरच्या खोलीत पाहुणे जेवायला बसलेले. सासूबाई आग्रह करत म्हणाल्या, "तुम्ही घ्या हो, मी आत्ताच जेवली." आणि नव्या सूनबाई गोड हसून म्हणाल्या, "जेवले, आई. मी जेवली नाही, मी जेवले." पाहुणे हसले. सासूबाईही हसल्या. मात्र त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून सुनेसमोर 'मी' निघाला नाही. कर्ताच नाही म्हटल्यावर चूक काढणार कुठून? म्हातारीने व्याकरण न शिकता व्याकरणातली पळवाट शोधली होती.

बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्यांचं शिक्षकांच्या खोलीत एक पालुपद होतं: "दोन नोकऱ्या करते मी. एक शाळेत, एक घरी. सगळं घर मी एकटी उचलते." ते ऐकून गणिताच्या बाई मान हलवत आणि भूगोलाचे सर पुन्हा खोकत.

रविवारी बाईंनी ठरवलं, साहेब यायच्या आधी घरी तालीम करायची. विद्यार्थी म्हणून नवऱ्याला बसवायचं होतं. तो म्हणाला, "मला आज ऑफिस आहे," आणि रविवार असूनही चपला घालून निघून गेला. मग बाई एकट्याच न्हाणीघरात बादली भरून बसल्या. सरांच्या खोक्यातला ठोकळा पाण्यात सोडला, तो तरंगला. बोटाने खाली दाबला, तो बोटाला ढकलू लागला. सोडला, टुणकन वर. पुन्हा दाबला. निम्मी बादली फरशीवर आली.

दारात सासूबाई. "पाणी सांडलं की पाय घसरतो," त्या भिंतीला म्हणाल्या.

"पुसते, आई. शाळेचं काम आहे."

"ठोकळ्याला आंघोळ घालायचं?"

बाईंनी ठोकळा बाजूला ठेवला. दाराला लावायचा मोठा दगड उचलून आणला, दोरीत बांधला आणि ताणकाट्याच्या हुकाला अडकवला. काटा पाच किलोवर. मग तसाच बादलीत सोडला. दगड पाण्याखाली गेला तसा काटा सरकत तीनवर आला. पुस्तकात हेच होतं. बाईंना भलताच आनंद झाला आणि आनंदात त्या आपण कुणाशी बोलतो आहोत हे विसरल्या.

"बघितलंत आई? पाण्यात गेला की दोन किलो कमी भरतो. वजनात घट होते."

सासूबाई आत आल्या. या घरात चमचा इकडचा तिकडे झाला तरी त्यांना रात्री झोप लागत नसे. "दोन किलो," त्या म्हणाल्या. "गेलं कुठं?"

"गेलं म्हणजे... कमी झालं."

"कमी झालं म्हणजे कुठंतरी गेलं. घरातून दोन किलो जातं आणि कुणाला पत्ता नाही?"

"आई, पुस्तकात घट म्हटलंय."

"पुस्तकाच्या घरचं गेलं नाही ना, त्याला काय."

बाईंनी पुस्तक चाळलं. पाणी वर ढकलतं, हे होतं. पण दोन किलो गेले कुठे, ते सासूबाईंना पटेल अशा शब्दांत कुठेच नव्हतं. सासूबाई मात्र निघून गेल्या आणि परत आल्या त्या मुलाचा वजनकाटा काखोटीला मारून.

या काट्याची वेगळी गंमत. नवरोबा रोज सकाळी त्यावर उभे राहत. वजन कमी भरावं म्हणून घड्याळ काढत, पट्टा काढत, चष्माही काढत. चष्मा काढला की आकडा दिसत नसे. मग आईला हाक. आई वाकून वाचत आणि मायेपोटी एखादा किलो खाऊन टाकत. नवरोबा वर्षानुवर्षं या घरात बारीक होत होते आणि शिंप्याकडे जाड.

सासूबाईंनी काटा जमिनीवर ठेवला. "यावर बादली ठेवावी."

ठेवली. सासूबाई वाकल्या. "दहा."

बाईंनी ताणकाटा हातात धरून दगड हळूहळू पाण्यात सोडला. हातातला काटा पाचाचा तीन झाला.

"बारा," सासूबाई खालून म्हणाल्या.

"आई, खरं सांगा हं. तुमच्या मुलाचं वाचता तसं नको."

"चष्मा लावलाय. बारा म्हणजे बारा."

"दगड तळाला टेकला असेल."

"टेकलेला नाही. अधांतरी आहे."

बाईंनी दगड वर घेतला. दहा. खाली सोडला. बारा. हातातले दोन किलो कुठेही गेले नव्हते. ते पाण्याने आपल्या अंगावर घेतले होते आणि बादलीखालच्या काट्याला गुपचूप सांगितले होते. सासूबाई समाधानाने उठल्या. हरवलेली वस्तू घरातच सापडली होती.

"मला बघू," असं काही त्या म्हणाल्या नाहीत. नुसता हात पुढे केला. बाईंनी ताणकाटा त्यांच्या हातात दिला. दगड पाण्यात शिरला तशा सासूबाई म्हणाल्या, "हलकं झालं."

हलकं झालं. बाईंच्या डोक्यातलं व्याकरण सवयीने जागं झालं. कर्ता? नाही. आपोआप झालं? नाही. कुणीतरी हलकं केलं, आणि तो वाक्यात नाही.

त्या ओल्या फरशीवर तशाच बसल्या. ठोकळा तरंगतो. कर्तरी प्रयोग, कर्ता ठोकळा. पण ठोकळा करतो काय? काहीही नाही. लोळतो. करणारं पाणी, आणि वाक्यात त्याचा मागमूस नाही. ठोकळा सहाशेचा, तेव्हा त्याला पेलायला पाणी सहाशेचाच जोर लावतं. आणि पाण्याचा जोर म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणून सारलं सहाशे. आता 'बुडवून धरला'. बुडवणारा हात आला, तोही वाक्यात नाही. हाताने ठोकळा सगळाच्या सगळा आत कोंबला, म्हणून सारलं हजार. पुस्तकात छपाईची चूक नव्हती. आकडे नंतर बघायचे होते, आधी क्रियापद बघायचं होतं, आणि वाक्यातून पळालेला माणूस शोधायचा होता. तो तर बाईंचा रोजचा धंदा.

"आई," बाई म्हणाल्या, "सुटलं."

"पदर भिजलाय," सासूबाई बादलीला म्हणाल्या आणि फडकं आणायला गेल्या.

त्या संध्याकाळी बाई शाळेची पिशवी भरायला बसल्या. पिशवी रोज खडूच्या भुकटीने पांढरी होते आणि रोज सकाळी स्वच्छ असते. बाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली. पिशवी झटकली जाते. डबा भरला जातो. छत्री जाग्यावर ठेवली जाते. पावसाळ्यात बाईंच्या साड्या आतल्या दोरीवर घेतल्या जातात. बाईंनी इतकी वर्षं ही वाक्यं अशीच चालवून घेतली होती. सायकलवाल्याचं एक 'मिळेल' मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. जणू ताणकाटा हातात धरून त्या सगळ्यांना पाच किलो पाच किलो म्हणून सांगत फिरल्या होत्या. हातात तीनच होते. बादलीखालचा काटा बघायला कुणी वाकलंच नव्हतं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पालुपदाची वेळ आली तेव्हा त्या गप्प बसल्या, आणि भूगोलाच्या सरांचा खोकला वाया गेला.

साहेब आले त्या सकाळी बाईंनी वजनकाटा काखेत मारून नेला. नवरोबा खूश, एक दिवस वजन करायचं टळलं. बादली शाळेची होतीच. साहेब पोक्त, झोपाळू, पण माणूस वाईट नव्हता. मागच्या बाकावर वॉचमनशेजारी बसले आणि दोघं सारख्याच वेगाने पेंगू लागले. हेडमास्तर दाराशी घाम पुसत उभे.

बाईंनी फळ्यावर लिहिलं: ठोकळा तरंगतो.

"कर्ता कोण?"

"ठोकळा," वर्ग म्हणाला. एवढं बाईंनी त्यांना कधीच शिकवून ठेवलं होतं.

"ठोकळा काय करतो?"

इस्त्रीवाला विचारात पडला. "काहीच करत नाही, बाई. आमचा मेहुणा असाच आहे."

"मग करतं कोण?"

"बहीण," तो म्हणाला. मग सावरून म्हणाला, "नाही, पाणी."

"पाणी वाक्यात आहे?"

"नाही."

"शोधा मग. वाक्यात नाही आणि काम करतंय, असा कोण आहे तो शोधा. गणित तिथेच आहे."

साहेबांचा एक डोळा उघडला. गाडी रुळावर होती. बाईंनी बादली काट्यावर ठेवली, ताणकाटा काढला, दोरी काढली आणि पिशवीत हात घातला. दगड नव्हता.

दगड दाराला लावलेला होता. दाराला लावायचा दगड तिथेच असतो, आणि रोजची वस्तू असल्यामुळेच तो राहून गेला होता. बाईंनी पिशवी पुन्हा चाचपली. ठोकळ्यावर हे दाखवता आलं असतं का? तरंगणाऱ्या ठोकळ्याने हातातला काटा शून्यावर येतो. सहाशे ग्रॅमने या काट्याची सुई धड हलणारही नाही. हेडमास्तरांचा रुमाल ओलाचिंब झाला. साहेबांचा उघडलेला डोळा मिटायच्या बेतात होता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, दमलेली आणि जड. दारात सासूबाई, हातात कापडी पिशवी, पिशवीला खाली ओढणारं काहीतरी.

"कोण आपण?" हेडमास्तरांनी विचारलं.

"मी आली," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्या वर्गाने पेनं खाली ठेवली. या दोन शब्दांनी या खोलीत काय होतं, हे प्रत्येकाला माहीत होतं. लिफ्टवालीला बाईंनी पहिल्या आठवड्यात 'मी आले' इतक्या वेळा म्हणायला लावलं होतं, की ती लिफ्टमध्ये लोकांनाही तसंच म्हणू लागली होती. इस्त्रीवाल्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बाईंचं तोंड उघडलेलं होतं.

"या, आई," बाई म्हणाल्या.

"तुझा दगड राहिला. वारा सुटला तरी दार आपटलं नाही, तेव्हाच कळलं मला." सासूबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि दम खाल्ला.

"बसा ना."

"बसायला नाही आली मी. काटा कोण वाचणार?"

बाईंनी दगडाला दोरी बांधली. दोन गाठींच्या जागी चार मारल्या. ताणकाटा पाचवर. सासूबाई चष्मा लावून वाकल्या. "दहा," त्या मोठ्याने म्हणाल्या. बाईंनी दगड पाण्यात सोडला.

"माझ्या हातात तीन उरले," बाई म्हणाल्या.

"इकडं बारा," सासूबाई म्हणाल्या.

साहेब उठून पुढे आले. त्यांना खात्री करायची होती. वाकताना त्यांनी सवयीने चष्मा कपाळावर सरकवला.

"तो खाली घ्या," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर दिसत नाही. आमच्याकडे एक आहे तसा."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. बारा होते. त्यांनी मान हलवली, वर्गाकडे वळले आणि लिफ्टवालीला उभं केलं. "सहाशे ग्रॅमचा, हजार घन सेंटिमीटरचा ठोकळा पाण्याखाली पूर्ण बुडवून धरलाय. हाताला किती जोर लावावा लागेल?"

हे पुस्तकात नव्हतं. म्हणजे पाठ करून चालणार नव्हतं. हेडमास्तरांनी डोळे मिटले.

लिफ्टवाली फळ्याकडे बघत राहिली. "बुडवून धरलाय," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे धरणारा हात आहे. वाक्यात नाही, पण आहे. पाणीपण आहे." मग आवाज वाढला. "सगळा आत आहे, म्हणजे पाणी हजारने वर ढकलतंय. ठोकळा स्वतःच सहाशेने खाली बसतोय. हाताला उरले चारशे."

"आणि हात सोडला तर?"

"तर वर येणार, साहेब. लिफ्टसारखा. पण चारशे बाहेर राहतील आणि सहाशे आत."

साहेब हसले. बाईंच्या हातातला दगड अजून बादलीत लोंबत होता. वर घ्यायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"वर्ग इथेच राहू दे," साहेब हेडमास्तरांना म्हणाले. "नवा शिक्षक मिळेल. तोवर बाईंनाच शिकवू द्या."

"मिळेल म्हणजे?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "देणार कोण?"

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी चष्मा नीट केला. मग म्हणाले, "मी देतो, बाई. मी."

"आता वाक्य बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

दगड परत न्यायला इस्त्रीवाला पुढे झाला, पण सासूबाईंनी पिशवीचा एक बंद स्वतः धरला आणि दुसरा सुनेपुढे केला. दोघी जिना उतरल्या. सायकलवाल्याने पाटीकडे बोट दाखवून बाईंना डिवचलं, तर बाई म्हणाल्या, "असू दे. दिसतोय मला माणूस."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई शाळेतून आल्या, तेव्हा दाराला दगड लावलेला होता आणि आत दुधाचा वास होता. बाईंनी चपला काढल्या. नेहमी त्या न बोलताच आत शिरत. आज उंबऱ्यात थांबल्या. घसा साफ केला, जणू वर्गात पाठ म्हणायचा होता.

"आई, मी आली."

आत भांड्याचा आवाज थांबला.

"'आले' म्हण," सासूबाई आतून म्हणाल्या. "शिकवतेस ना तू? लोक काय म्हणतील. आणि आता आलीच आहेस तर दुधाकडे बघ, मी जरा बसते."